पावणेतीनशे किलोमीटर, सव्वा तास

धाकलू भोईर हा माणूस चक्रम आहे, असं कर्जतमधल्या निम्म्या लोकांचं मत होतं. उरलेल्या निम्म्यांची त्याच्याशी गाठ पडली नव्हती. मी कर्जतच्या पोस्टात तारेच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढली. लोक मला तारमास्तर म्हणायचे, आणि धाकलू आठवड्यातून दोनदा तरी माझ्या खिडकीशी यायचा. तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझा जास्त आहे.

तो मूळचा पोशीरचा. भाताची खाचरं भावाकडे सोपवून तो रेल्वेत लागला आणि पुढे घाटातल्या एका केबिनवर केबिनमन झाला. राहायला कर्जतच्या रेल्वे चाळीत. त्याचं काम सांगायला सोपं होतं. एका केबिनपासून दुसऱ्या केबिनपर्यंतचा रूळ म्हणजे एक सेक्शन, आणि त्या सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. खालच्या केबिनवरून सुटलेली गाडी धाकलूच्या समोरून पुरी निघून गेली, तिचा शेवटचा डबा त्याने डोळ्यांनी पाहिला, की त्याने घंटीचे ठोके द्यायचे. गाडी आली, वाट मोकळी. ते ठोके ऐकू आल्याशिवाय खालचा माणूस दुसरी गाडी सोडणार नाही, मग तिच्यात रेल्वेचा मोठा साहेब का बसलेला असेना. शेवटचा डबा न बघता ठोके देणं हे त्या लोकांत खुनासारखं पाप.

इथपर्यंत ठीक होतं. पण या गड्याने हा कायदा घरात आणला. ड्यूटी सोडली तर घरातलं एकच माणूस एका वेळी वाटेत असायचं. ते पोचल्याची खबर आली की मग दुसऱ्याने निघायचं. खबर द्यायची ती पोचलेल्यानेच, आणि पोचल्या जागेवरून. मधल्या मुक्कामावरून काही कळवायचं नाही, कारण अर्ध्या खबरीने माणूस गाफील राहतो असं त्याचं म्हणणं.

त्याच्या मुलीचा, जयवंताचा, साखरपुडा साजगावला मुलाच्या घरी होता. दोन टेंपो केले होते. पहिल्यात बायका आणि सोबतीला धाकलूचा मेहुणा गेला, दुसऱ्यात आम्ही पुरुष, पण आमचा टेंपो धाकलूने कर्जतलाच उभा करून ठेवला. तो मेहुणा साजगावहून मिळेल त्या ट्रकने परत येऊन "पोचलो" म्हणेपर्यंत आम्ही कडक इस्त्रीच्या कपड्यांत घाम गाळत बसलो. आम्ही पोचलो तेव्हा भात थंड झाला होता आणि व्याही गरम. दुसऱ्या एका खेपेला त्याची बायको इंदूबाई पुण्याला बहिणीकडे गेली. बहिणीच्या नवऱ्याने पोचल्याचं कार्ड टाकलं, तर धाकलू ते घेऊन माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "मास्तर, ह्याच्यात तिचं काय हाय?" तिला लिहिता येत नव्हतं. तेव्हापासून ती कार्डावर शाईचा अंगठा उठवून पाठवायला लागली. त्या अंगठ्यांची कार्डं त्याने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती.

मी एकदा वैतागून म्हटलं, "धाकलू, माणसं म्हणजे काय मालगाडीचे डबे आहेत का?"

तो रागावला नाही. म्हणाला, "मास्तर, माज्या बापाला कोनी ठोके दिले नाय."

मग सांगितलं. तो दहा वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ भिवाजी भर श्रावणात ओढ्यापलीकडे गुरं आणायला गेला आणि त्याला उशीर झाला. बाप त्याला शोधायला निघाला. भिवाजी दुसऱ्या वाटेने घरी आला. बापाला हे सांगणारं कोणी नव्हतं. "भाऊ चुलीपाशी अंग शेकत व्हता आनि बाप त्याला पान्यात हाका मारत व्हता. तेवड्यात वरचं पानी आलं." मी त्यानंतर मालगाडीची चेष्टा केली नाही. बाकीची करत राहिलो.

जयवंताचा नवरा पदू साजगावच्या कारखान्यात वायरमन होता. लग्नानंतर दोन वर्षांनी त्याला सरकारी वीज खात्यात नोकरी लागली आणि बदली झाली ती थेट अंदमानच्या खाली, कार निकोबार बेटावर. तिथे जयवंताचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं. मदतीला बाईमाणूस नव्हतं, मोठं इस्पितळ नव्हतं. ती तार मीच घेतली होती आणि मीच चाळीत नेऊन दिली होती. इंदूबाई त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलताना माझ्या हाताकडे बघायची, हातात काही आहे का म्हणून.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात धाकलू पदूचं पत्र घेऊन आला. जयवंताला पुन्हा दिवस गेले होते, आठवा लागत होता. मूल आडवं होतं आणि तिच्या पायांना सूज होती. तिथला डॉक्टर म्हणत होता, हिचं बाळंतपण इथे होणार नाही, पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या इस्पितळात नेलं तर दोघं वाचतील. बोटीने जायचं तर रात्रभर समुद्राचे हेलकावे, त्याला डॉक्टरची ना होती. हवाई दलाचं विमान दर मंगळवारी सकाळी आठला सुटायचं आणि जागा असली तर आजारी माणसाला न्यायचं. पदूला त्यात जागा नव्हती. पत्राच्या शेवटी सासऱ्याचा स्वभाव ओळखून त्याने लिहिलं होतं: हवाई अंतर पावणेतीनशे किलोमीटर, वेळ सव्वा तास.

"नकाशा हाय का?" धाकलूने विचारलं.

पोस्टात भिंतीवर भारताचा नकाशा होता. मी त्याला दोन ठिपके दाखवले. त्याने खिशातून दोरा काढला, एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर ताणला, आणि तोच दोरा कर्जतवर धरून खाली सोडला. टोक कोल्हापुरापाशी पोचलं.

"मधी केबिन किती?"

"आकाशात कसली केबिन? एक बेट लागतं मधे, पण तिथं विमान उतरायची सोय नाही."

"म्हंजे सगला एकच सेक्शन." त्याने दोरा बोटाला गुंडाळला. "मास्तर, आमची मालगाडी करजतवरून लोनावल्याला चडते. अठ्ठावीस किलोमीटर. तिला पन सव्वा तासच लागतो. मागनं इंजिन ढकलतं, मधी चार ठिकानी मानूस उभा असतो तिला बघायला. आनि हिला बघायला कोन?"

मी म्हटलं, "विमान मोटारीपेक्षा सुरक्षित असतं." हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी स्वतः तोवर विमान फक्त खालून पाहिलं होतं.

इंदूबाईने ठरवून टाकलं की मी जाणार. पुण्याच्या पुढे न गेलेली बाई, पण ती ऐकेना. पहिल्या खेपेला पोरीजवळ कोणी नव्हतं हे तिच्या मनात रुतून बसलं होतं. पदूच्या खात्यातलं एक जोडपं रजा संपवून पोर्ट ब्लेअरला परत चाललं होतं, त्यांची सोबत मिळाली. सोमवारी कर्जतहून मद्रास मेल, बुधवारी मद्रासहून बोट, शनिवारी पोर्ट ब्लेअर. आई पोचली की त्यानंतरच्या मंगळवारी लेक विमानात बसणार. एकामागून एक, कायद्याप्रमाणे. सोमवारी मेल हलली तसा धाकलू स्टेशनवरून थेट माझ्याकडे आला आणि मी कार निकोबारला तार मारली: मदर स्टार्टेड.

शनिवारी तार आली नाही. धाकलू ड्यूटीवरून उतरून आला, खिडकीशी उभा राहिला आणि गेला. रविवारी माझ्या घरी आला. चहा पुढे केला तर घेतला नाही. माझ्या बायकोने रेडिओ लावलेला होता आणि बातम्यांत बंगालच्या उपसागरातल्या वादळाचं सांगत होते. तिने चटकन बटण फिरवलं, पण त्याने ऐकलं होतं.

सोमवारी मी मद्रासच्या बोटकचेरीला तार केली. उत्तर आलं ते एवढंच की वादळामुळे वेळापत्रक बंद आहे. इंदूबाईची बोट सुटून मग वेळापत्रक बंद झालं, की सुटायच्या आधीच, हे कळायला मार्ग नव्हता. बोटीचं नावही आम्ही कोणी विचारून ठेवलं नव्हतं. याची मला आजही लाज वाटते. चौदा पैशांच्या चुकीसाठी हिशेब तीनदा तपासणारा मी माणूस.

मंगळवारी धाकलूने सकाळी आठपासून घड्याळ धरलं. सव्वानऊ झाले, दहा झाले. "उतरली असंल," तो म्हणाला. माझ्या यंत्राने दिवसभर कर्जतच्या व्यापाऱ्यांच्या भातगिरणीच्या तारा वाजवल्या. त्याची एकही वाजली नाही.

बुधवारी दुपारी वाजली. पदूची होती. मी अक्षर अक्षर उतरवून घेत होतो आणि मला कळत होतं की हे धाकलूला वाचून दाखवायचं आहे. जयवंताने विमान नाकारलं. आई पोचल्याची तार नाही म्हणते. डॉक्टर संतापलेत. पुढच्या मंगळवारी शेवटची संधी.

पोस्टातल्या बाकड्यावर धाकलू खाली बसला. त्याला समजायला वेळ लागला नाही, मलाच लागला. आई वाटेत होती. आई पोचल्याचे ठोके मिळाले नव्हते. लेकीने गाडी सोडली नाही. या घरात वाढलेल्या पोरीने विमानाच्या शिडीपाशी जाऊन, सुजलेल्या पायांनी, परत फिरायचं ठरवलं होतं, कारण एका वेळी एकच.

"मीच शिकवलंय तिला," तो म्हणाला. "लहान व्हती तवापास्नं."

आम्ही लगेच तार केली: वाट बघू नको, नीघ, बाबा. माझी खात्री होती की आता काम झालं. शुक्रवारी उत्तर आलं. जयवंता म्हणते, बाबा काळजीने असं सांगतात. आई पोचल्यावरच निघेन.

मला संताप आला. धाकलूचा, त्या पोरीचा, त्या वेड्या कायद्याचा. मी म्हटलं, "सरळ तार कर. आई पोचली म्हणून लिही. इथून रोज खोट्या तारा जातात. कोणाला रजा हवी असली की जिवंत आई मरायला टेकते. मी स्वतः मारल्यात तसल्या शंभर."

धाकलू उठला. त्याचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. "मास्तर, तुमाला कलतं का तुमी काय बोलता? माजी बायको दर्यात हाय का तलाला हाय ते मला ठावं नाय. आनि मी सांगू, ती आली? डबा न बगता ठोके देऊ?" तो निघून गेला आणि दोन दिवस फिरकला नाही. मी पण गेलो नाही. मनात म्हटलं, बस तुझा कायदा घेऊन.

रविवारी पोस्ट बंद. पण सोमवारी मी यंत्र सुरू करतो न करतो तोच पदूची आणखी एक तार आली. सूज चेहऱ्यावर आली होती. डॉक्टर म्हणत होते, उद्याचं विमान, नाहीतर मी जबाबदार नाही. मी तो कागद हातात धरून रेल्वे चाळीकडे निघणार इतक्यात धाकलू समोर उभा. रात्रपाळी करून तसाच आला होता, निळा सदरा अंगात. मी कागद त्याला दिला. देवनागरीत लिहून काढला होता, त्याने स्वतः वाचला.

"उद्या आटाच्या आत तिच्या हातात पडंल का?"

"आत्ता मारली तर संध्याकाळपर्यंत पडेल. पोर्ट ब्लेअरहून पुढे वायरलेसने जाते."

त्याने फॉर्म मागितला. मी लिहायला पुढे सरसावलो तर म्हणाला, मी लिहितो. एकेक अक्षर रेघेवर बसवत त्याने मराठीत लिहिलं: आई पोचली. वाट मोकळी. नीघ. बाबा. मग मी त्याचं इंग्रजी केलं.

माझं बोट यंत्राच्या खुंटीवर होतं आणि का कोण जाणे, ते खाली जाईना. शुक्रवारी मीच ज्याला खोटं बोल म्हणून ओरडलो होतो, त्याच्याकडे मी बघत बसलो.

"द्या मास्तर," तो म्हणाला. "तुमचं यंतर मला येत असतं तर मीच दिले असते ठोके. ह्ये दुसऱ्याकडून करून घ्यायचं काम नाय."

मी तार मारली. तो यंत्राचा आवाज शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. मग सरळ स्टेशनवर गेला आणि आपल्या साहेबाला म्हणाला, उद्या माझ्या हातात गाडी देऊ नका, मी बरा नाही. पंचवीस वर्षांत त्याने आजारपणाची रजा काढली नव्हती, म्हणून साहेबाने डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरला काही सापडलं नाही.

मंगळवारी सकाळी साडेसातला तो पोस्टाच्या पायरीवर होता. मी दार उघडलं तसा आत येऊन नकाशासमोर बसला. आठ वाजले तेव्हा दोरा काढून त्याने हातात धरला. मी गिऱ्हाइकं बघत होतो, पण माझं अर्धं लक्ष त्याच्याकडे. साडेआठला तो हळूच म्हणाला, "आता मधलं बेट आलं असंल." सव्वानऊला त्याने दोरा बोटाला घट्ट गुंडाळला. दोन माणसं एकाच वेळी त्याच्या डोळ्यांपुढे पाण्यावर होती, एक वर, एक खाली, आणि दोघींना त्यानेच एका वेळी वाटेत घातलं होतं. हे तो बोलून दाखवत नव्हता. त्याचे ओठ हलत होते. घाटदेवीचं नाव घेत असावा.

दुपारी बारा वाजता मी भाकरी सोडली. त्याला अर्धी दिली, त्याने हातात धरून ठेवली. दोन वाजले. तीन वाजले. यंत्र वाजलं की तो उभा राहायचा, मी मान हलवली की बसायचा. असं अकरा वेळा झालं. मी मोजलं, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. माझ्या मनात तेव्हा जे आलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. पहिल्या बाळाची तार याच हातांनी नेली होती. दुसरीही न्यावी लागली तर नोकरी सोडायची, असं मी ठरवून टाकलं.

पाचला दहा कमी असताना पोर्ट ब्लेअरचा इशारा आला. मी उतरवून घेतलं. मला उठून सांगता येईना, म्हणून कागद खिडकीतून पुढे सरकवला.

त्याने तो उलटा धरला, मग सुलटा केला. इंग्रजी त्याला येत नव्हतं. "खाली नाव कोनाचं हाय?"

"जयवंताचं. ती पोचली. स्वतः केलीय तार."

त्याने दोरा खिशात घातला. हातातली भाकरी कागदात गुंडाळली. आनंद झालेला माणूस जसा दिसतो तसा तो दिसत नव्हता. म्हणाला, "एक आली. दुसरीचं काय?" आणि घरी गेला.

गुरुवारी तार आली की ऑपरेशन करून मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी पेढे आणले. त्याने एक तोंडात टाकला आणि चघळत राहिला. त्यानंतरच्या सोमवारी, म्हणजे इंदूबाई घरातून निघाली त्याला एकवीस दिवस झाले तेव्हा, तिची तार आली. इंदूबाई रीच्ड. ती वाचून दाखवली तेव्हा मात्र धाकलू माझ्या खिडकीच्या लाकडावर डोकं टेकून रडला. भातगिरणीवाला शेठ मागे रांगेत होता, तो आपण होऊन बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढे पत्रातून सगळं कळलं. बोट सुटलीच नव्हती. वादळाच्या इशाऱ्यामुळे इंदूबाई आणि ते जोडपं मद्रासच्या धर्मशाळेत दोन आठवडे बसून होते. ती बाई रोज इडली खात होती आणि आम्ही इकडे तिला समुद्रात बुडवत होतो. सोबतच्या माणसाने तिला चार वेळा विचारलं, घरी तार करू का, बोट लांबलीय म्हणून. तिने ठाम सांगितलं, "नाय. आमच्यात पोचल्याबिगर कलवत नाय." मी हे वाचून हसलो. मग हसू फार टिकलं नाही. एका घरातली तीन माणसं तीन ठिकाणी बसून एकच नियम पाळत होती, आणि त्या नियमाखाली एक जीव जवळजवळ गेला होता.

मला वाटलं, आता सगळं मिटलं. पण धाकलूने डिसेंबरात साहेबाकडे अर्ज केला. केबिन नको, खालचं काम द्या. कारण विचारलं तर म्हणाला, डोळे कमी झाले. त्याचे डोळे ससाण्यासारखे होते. त्याला कर्जतला दिव्यांच्या खोलीत टाकलं, जिथे सिग्नलचे कंदील पुसून तेल भरतात. पुढची सगळी नोकरी त्याने काचा पुसत काढली. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाला, "एकदा खोटे ठोके दिलेला हात हाय. घाटात शेकड्यानी मानसं त्याच्या भरवशावर जातात. नाय धरायचा सिग्नलचा दांडा." पोरीचा जीव वाचला ना, म्हटलं. "वाचला. म्हनून काय खोटं खरं झालं?"

जयवंता मधे दोनदा येऊन गेली, पण चार-चार दिवसांसाठी, आणि धाकलूने विषय निघू दिला नाही. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती महिनाभर राहायला आली. तिची सोमी नऊ वर्षांची झाली होती. धाकलू निवृत्त, मीही निवृत्त. दोघं त्याच्या ओट्यावर सुपारी कातरत बसलो होतो. इंदूबाई आत भाकऱ्या थापत होती. बोलता बोलता मीच खोडी काढली. म्हटलं, "जयवंता, तुझ्या बापाने तुझ्यासाठी जन्मात एकदा खोटी तार केली, आणि त्यापायी नऊ वर्षं कंदील पुसले. तुला माहीत आहे का?"

धाकलूने माझ्याकडे असं बघितलं की अडकित्ता बाजूला ठेवावा लागला.

जयवंता आत गेली. परत आली ती पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढत. माझीच तार. घड्यांवर विरली होती.

"मास्तरकाका, ह्याच्यावर वरती काय लिवलंय?"

मी चष्मा लावला. "सुटल्याचं ठिकाण, कर्जत."

"बाबा," ती म्हणाली, "पोचल्याची तार करजतवरून येते का कदी? आय पोर्ट ब्लेअरला पोचली असती तर तिनं पोर्ट ब्लेअरवरून केली असती. मला वाचताक्षनीच कललं, आय पोचलेली नाय."

धाकलूने हातातली सुपारी खाली ठेवली. "मंग बसलीस कशी तू?"

"तुमी म्हनलात, नीघ, तवा मी नाय ऐकलं. वाटलं, बाप हाय, जिवाला घोर लागलाय, म्हनून म्हनतो. पन तुमी ठोके दिलेत. डबा न बगता. जलमात तुमी असं केलं नाय, करनार नाय." तिने कागदाची घडी पुन्हा घातली. "तवा मला कललं, मी मरते हाय. आनि मी निघाले."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता. धाकलू लेकीकडे वळला. म्हणाला, "म्हंजे तू फसलीच नव्हतीस."

"नाय."

"मग ते खोटं कुनाला लागलं?"

तिने कागद परत पाकिटात ठेवला. नऊ वर्षं त्याने पुसलेल्या काचा माझ्या डोळ्यांपुढून जात होत्या. त्याने पंच्याने तोंड पुसलं आणि पुसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाईला पोशीरला दिराकडे जायचं होतं आणि जयवंताला सोमीला घेऊन साजगावला सासरी. नेहमीप्रमाणे जयवंता चप्पल बाजूला ठेवून ओट्यावर बसली, आई पोचल्याची खबर यायची वाट बघायला. धाकलू तिच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याने ती चप्पल उचलून तिच्या पायांपाशी ठेवली.

"जा गं," तो म्हणाला. "दोगी एकदम जा."

आई नेरळच्या बाजूला गेली, लेक खोपोलीच्या. मी जेवायला घरी जायला उठलो तर त्याने माझा हात धरला. "बसा मास्तर. दोगी पोचेपर्यंत बसा." मी बसलो.